दूध प्रकल्पाचा आरटीओ: 'चार तास' आले कुठून?

प्रश्न थोडक्यात असा: दिवसाला दोन लाख लिटर दूध हाताळणारा प्रकल्प आहे. सल्लागाराने व्यवसाय सातत्य आराखडा (बिघाड किंवा आपत्तीतही काम कसे चालू ठेवायचे याचा) करून दिला आणि संकलन, शीतकरण, पाश्चरायझेशन, पॅकिंग, वितरण, बिलिंग अशा सगळ्या कामांपुढे 'आरटीओ ४ तास' लिहिले, म्हणजे बंद पडलेले काम चार तासांत पुन्हा चालू करायचे. आता लेखापरीक्षक विचारतो आहे, हा आकडा कशावरून काढला? त्याला काय सांगायचे, आणि खरा आकडा काढायचा कसा?

खरे सांगायचे तर तो आकडा टेम्पलेटमधून आला आहे. लेखापरीक्षकालाही ते माहीत असणार, म्हणून तर त्याने विचारले. चार तास काही कामांना फार सैल आहेत, काहींना उगाच कडक आहेत, आणि दोन्हीकडचा भुर्दंड तुमच्याच खिशातून जाणार आहे.

आरटीओ म्हटले की आपल्याकडे आधी लायसन्स आणि गाडीचे पासिंग आठवते, तेव्हा बैठकीत पहिल्या दहा मिनिटांत शब्द पक्के करून घ्या. आयएसओच्या व्यवसाय सातत्य मानकांच्या भाषेत चार मापे आहेत. काम बंद पडल्यापासून किती वेळाने नुकसान सोसण्यापलीकडे जाते, ते एमटीपीडी. इथून पुढे त्याला सहनकाळ म्हणू. त्या आत काम ठरलेल्या पातळीवर पुन्हा चालू करण्याची आपण स्वतःला घातलेली मुदत म्हणजे आरटीओ. ती 'ठरलेली पातळी' म्हणजे एमबीसीओ, किमान चालणारे काम. आणि किती वेळाच्या नोंदी गेल्या तरी निभावता येईल, ते आरपीओ. सहनकाळ धंद्याच्या स्वरूपावरून निघतो, तो कोणी ठरवत नाही. आरटीओ मात्र ठरवावा लागतो. तुमच्या आराखड्यात थेट आरटीओ आहे; त्याच्या आधीचा सहनकाळ नाही आणि किमान पातळीही नाही. म्हणून 'कशावरून' याला उत्तर नाही.

दूध धंद्यात सहनकाळ काढणे तसे सोपे आहे, कारण तीन घड्याळे डोळ्यांसमोर चालू असतात. एक दूध नासण्याचे, दुसरे सायलो (दूध साठवायच्या उंच टाक्या) भरण्याचे, तिसरे बाजाराचे. तिन्ही वेगवेगळ्या वेगाने धावतात, आणि जे आधी संपते तो तुमचा सहनकाळ.

हिशेबासाठी आकडे धरू. तुमचे आकडे लॉगबुकमधून घालून हेच पुन्हा करा. सकाळचे दूध १ लाख २० हजार लिटर, टँकर डॉकवर (दूध उतरवायच्या जागी) दहा ते तीन. संध्याकाळचे ८० हजार, रात्री नऊ ते दोन. कच्च्या दुधाचे प्रत्येकी ६० हजार लिटरचे तीन सायलो. पाश्चरायझरच्या दोन लाइन, प्रत्येकी तासाला १० हजार लिटर. पाउच मशिने सगळी मिळून तासाला १५ हजार लिटर. दीड लाख लिटर पाउचमध्ये जाते, उरलेले लोणी-पावडरीकडे. पाश्चरायझर दुपारी दोनला लागतो, पाउच तीनला सुरू होतात, दहा तासांत म्हणजे रात्री एकला संपतात. शेवटचा क्रेट पहाटे चारच्या आत गाडीत गेला पाहिजे, कारण सहा वाजता एजंटाच्या दारात पिशवी नसेल तर गिऱ्हाईक दुसऱ्या ब्रँडची पिशवी उचलते.

आता धरा, दुपारी दोनला दोन्ही पाश्चरायझर बंद पडले. सायलोत आदल्या रात्रीचे ४० हजार आणि सकाळचे ९६ हजार आहेत. तीन वाजेपर्यंत १ लाख ६० हजार होतील. रिकामी जागा २० हजार. रात्री नऊपासून तासाला १६ हजारांच्या वेगाने दूध येऊ लागले की सव्वा तासात, म्हणजे सव्वादहाला, सायलो तुडुंब. सायलोचे घड्याळ सव्वाआठ तासांचे झाले. दूध नासण्याचे घड्याळ इथे निवांत आहे: चार अंशांवर भरलेला, नीट इन्सुलेशनचा सायलो चोवीस तासांत एक-दोन अंशच तापतो, तेव्हा एखादा दिवस तरी दुधाला धोका नाही. राहिले बाजाराचे घड्याळ. पॅकिंगला दहा तास लागतात, चारला संपवायचे आहे, म्हणजे उशिरात उशिरा संध्याकाळी सहाला पाउच सुरू व्हायला हवेत. नेहमीची वेळ तीनची. हातात शिल्लक किती? तीन तास.

हे तीन तास दुपारी दोनपासून पॅकिंग संपेपर्यंत तेवढेच राहतात. रात्री आठला बिघाड झाला तर पाच तासांचे पॅकिंग उरलेले असते आणि चार वाजायला आठ तास असतात. फरक पुन्हा तीन. पहाटे पाचला बिघाड झाला तर मात्र बारा तास मिळतात. म्हणून आरटीओ काढताना सर्वात वाईट वेळ धरायची. बैठक सकाळी अकराला असते आणि सगळे अकरा वाजताच्या बिघाडाचा विचार करतात, ही नेहमीची चूक आहे.

तर सहनकाळ तीन तास. मग आरटीओ अडीच लिहू? इथेच बहुतेक आराखडे घसरतात. तीन तासांत दुरुस्तीखेरीज काय काय बसवायचे आहे ते मांडा. बिघाड लक्षात येणे आणि कारण सापडणे: वीस मिनिटे. निर्णय घेणे, माणसे बोलावणे: वीस. दुरुस्तीनंतरची धुलाई, म्हणजे सीआयपी (यंत्र न उघडता आतून धुणे) आणि गरम पाण्याने निर्जंतुकीकरण: ऐंशी ते नव्वद. सुरुवातीच्या पाउचची प्रयोगशाळेत तपासणी: वीस. झाली की एकशे चाळीस-पन्नास मिनिटे. प्रत्यक्ष पान्याला हात लावायला उरतात तीस-चाळीस मिनिटे.

धुलाईचा वेळ सगळे विसरतात, म्हणून त्यावर थोडे थांबतो. पाश्चरायझर बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद दूध धरून चालत असताना बंद पडला की प्लेटांमधले दूध जागच्या जागी उभे राहते. पाच मिनिटांत पुन्हा चालू झाला तर फ्लो डायव्हर्शन व्हॉल्व्ह ते दूध मागे फिरवतो, काम भागते. अर्धा तास गेला तर गरम प्लेटांवर दुधाचा थर भाजून बसतो. मग दूध काढून टाकणे, पाण्याने धुणे, एक-दीड टक्के कॉस्टिक सोडा सत्तर-पंचाहत्तर अंशांवर फिरवणे, पुन्हा पाणी, मग नायट्रिक आम्लाचे पातळ द्रावण, पुन्हा पाणी, शेवटी गरम पाणी, एवढे करूनच दूध सोडायचे. ऑपरेटर घाईत आम्लाची फेरी गाळतो, आणि दुसऱ्या दिवशी दुकानातल्या पिशव्या फुटू लागतात. ही वीस मिनिटे गाळून कागदावर आरटीओ साधला तर तो साधला असे धरू नका.

चाळीस मिनिटांत काय दुरुस्त होते? फ्यूज, कॉन्टॅक्टर, सेन्सर. हाताशी तयार असेल तर पंपाचे सील. प्लेट पॅकचे गॅस्केट होत नाही. म्हणून आता तिसरे माप काढायचे: दोन्ही लाइन लागतातच का? एकच लाइन दुपारी दोन ते पहाटे तीन चालवली, मध्ये धुलाईचा दीड तास वजा केला, तर साडेअकरा तासांत १ लाख १५ हजार लिटर निघते. बाजाराचे पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त. सहा लिटर मागणाऱ्या एजंटाला साडेचार मिळाले तर तो कुरकुरेल, पण तुटणार नाही. याचा अर्थ, एका लाइनच्या बिघाडाला दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंतची मुदत सहज देता येते. आणि ज्या गोष्टींवर दोन्ही लाइन लटकल्या आहेत, त्यांना चाळीस मिनिटेच.

त्या गोष्टी कोणत्या, ते प्रकल्पात एक फेरी मारून शोधा. वाफ, थंड पाणी, दाबाची हवा, वीज आणि नियंत्रण पॅनेल. हवेचा कॉम्प्रेसर ही किरकोळ वस्तू समजली जाते, पण तो बसला की सगळे न्यूमॅटिक व्हॉल्व्ह आणि पाउच मशिनचे जबडे एकदम थांबतात. थंड बॉयलरला वाफ धरायला पाऊण-एक तास लागतो, तेव्हा दुसरा बॉयलर असला तरी तो गरम ठेवलेला नसेल तर चाळीस मिनिटांत उपयोगाचा नाही. सल्लागाराच्या कोष्टकात 'पाश्चरायझेशन' ही एक ओळ आहे. तिथे किमान सहा हव्यात, आणि प्रत्येकीपुढचा आकडा वेगळा असेल.

नियंत्रण पॅनेलचे दुखणे ठरलेले आहे. पीएलसी (मशिनांना आज्ञा देणारा छोटा संगणक) सुटा भाग म्हणून कपाटात आणून ठेवलेला असतो, पण त्यातला प्रोग्रॅम मशिन बसवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरच्या लॅपटॉपवर असतो. पासवर्डही त्याच्याकडेच. म्हणजे तुमच्या कपाटात कोरा डबा आहे आणि आरटीओ त्या इंजिनिअरच्या प्रवासावर अवलंबून आहे. प्रोग्रॅमची ताजी प्रत, पासवर्ड, केबल आणि ते सॉफ्टवेअर चालणारा एक जुना लॅपटॉप, एवढे चार जिन्नस प्रकल्पात हवेत. शेवटच्या बदलानंतर प्रत घेतली होती का, हे तारीख बघून तपासा. मशिनची वॉरंटी संपण्याआधी हे मागून घ्या; नंतर कोणी देत नाही.

विजेबद्दल. डीजी सेट (डिझेल जनरेटर) अर्ध्या मिनिटात चालू होतो म्हणून विजेपुढे 'आरटीओ १ मिनिट' लिहितात. पण शीतकरणाचे अमोनियाचे कॉम्प्रेसर सगळे एकदम चालू करता येत नाहीत, क्रमाने घ्यावे लागतात, आणि बऱ्याच ठिकाणी डीजीवर सगळे कॉम्प्रेसर जोडलेलेच नसतात. तोपर्यंत आइस बँक, म्हणजे आधी साठवून ठेवलेला बर्फ, सांभाळते. किती वेळ? दहा टन बर्फ असेल तर हिशेबाने सुमारे २७ हजार लिटर कोमट दूध चौतीस अंशांवरून चारवर येते. गळती-तोटा धरून पंचवीस हजार म्हणा. पाश्चरायझरमध्ये थंड-गरम दुधाची आपसात उष्णता बदलते, त्यामुळे तिथे बर्फ कमी लागतो. खरा भार डॉकवर कोमट येणाऱ्या कॅनच्या दुधाचा. बर्फ संध्याकाळी किती उरतो याची नोंद ठेवलेली नसेल तर आइस बँकेला आराखड्यात धरूच नका.

आणि डिझेल. ५०० केव्हीएचा सेट पाऊण भारावर तासाला साधारण ऐंशी लिटर पितो. हजार लिटरच्या पुढच्या एका टाकीला परवाना लागतो म्हणून टाकी ९९० लिटरची असते. म्हणजे बारा तास. तेराव्या तासाला टँकर कुठून येणार आणि पंपावर वीज नसेल तर तो भरणार कसा? जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. तसल्या प्रसंगी महत्त्वाचा आकडा डीजी चालू होण्याचा नसतो, डिझेल पुन्हा भरले जाण्याचा असतो.

अमोनिया गळतीला वेगळी ओळ द्या. तिथे पाइप जोडायला दोन तास लागोत की चार, वायू निवळून माणसे सुरक्षितपणे आत जाऊ शकेपर्यंत घड्याळ तुमच्या हातात नाही. अशा वेळी दूध दुसऱ्या प्रकल्पाकडे वळवणे हाच उपाय, आणि वळवण्याचा आरटीओ काढायचा.

आता घड्याळ सुरू कधी होते हा मुद्दा. तुमच्या आराखड्यात 'चार तास' कशापासून मोजायचे ते लिहिलेले नाही. बिघाड झाल्यापासून? कळल्यापासून? की व्यवस्थापकाने आपत्ती जाहीर केल्यापासून? यातला फरक कागदी नाही. २४ फेब्रुवारी २०२१ ला राष्ट्रीय शेअर बाजारात ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबले आणि पावणेचारला पुन्हा सुरू झाले. त्यानंतरच्या महिन्यात सेबीने बाजारसंस्थांसाठी नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यापासून अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करायची, आणि जाहीर केल्यापासून पंचेचाळीस मिनिटांत काम पूर्ववत करायचे. त्याआधीची मुदत चार तासांची होती. पंचेचाळीसचा आकडा सगळे सांगतात. त्यातला शहाणपणा अर्ध्या तासात आहे. निर्णयाला मुदत घातली नाही तर 'बघू, होईल चालू' यातच दोन तास जातात, आणि आरटीओचे घड्याळ अजून लागलेलेच नाही असे सगळे शपथेवर सांगतात.

दूध प्रकल्पात हा निर्णय कोणाचा? रात्री अकराला शिफ्ट इनचार्ज दुसऱ्या प्रकल्पाला फोन करून दूध घ्या म्हणू शकतो का, की त्याला कार्यकारी संचालकांची झोपमोड करावी लागते? वळवलेल्या दुधाला दर कमी मिळतो, म्हणून सहसा कोणी स्वतःच्या अंगावर घेत नाही. आराखड्यात एक वाक्य हवे: 'वीस मिनिटांत कारण सापडले नाही किंवा दुरुस्ती चाळीस मिनिटांपेक्षा जास्त दिसत असेल, तर शिफ्ट इनचार्ज स्वतः वळवण्याचा निर्णय घेईल.' खाली संचालक मंडळाची सही. या एका वाक्याने जितका वेळ वाचतो तितका नवा जनरेटर घेऊनही वाचत नाही.

घड्याळ थांबते कधी, तेही लिहा. मशिन चालू झाले तेव्हा नव्हे. पहिल्या पाउचची फॉस्फेटेज चाचणी (दूध पुरेसे तापले की नाही ते सांगणारी) निगेटिव्ह आली आणि पहिली गाडी गेटबाहेर पडली, तेव्हा.

गावपातळीवर मात्र सगळे उलटे होते. तिथे दूध नासण्याचे घड्याळ सर्वात आधी संपते. धारेचे दूध पस्तीस अंशांचे, एप्रिलात तीन-चार तासांत आंबायला लागते. बल्क कूलरला कोमट दूध चार अंशांवर आणायला साधारण तीन तास लागतात. सकाळी सातला दूध ओतले आणि आठला कूलर बंद पडला, तर दहाच्या आत काही तरी व्हायलाच हवे. गावात मेकॅनिक दोन तासांत पोचत नाही, तेव्हा दुरुस्तीचा आरटीओ लिहून उपयोग नाही. तिथे आरटीओ टँकरचा लिहा: 'दूध संस्थेच्या सचिवाच्या फोनपासून दीड तासात टँकर, सर्वात जवळच्या चालू कूलरकडे किंवा शीतकेंद्रावर.' त्यासाठी मार्गाप्रमाणे टँकर कुठे असतो, कोणता कूलर किती रिकामा असतो, हे आधी मांडून ठेवावे लागते. चार तास इथे फार सैल आहेत. चार तासांनी आलेले दूध डॉकवर क्लॉट ऑन बॉइलिंगला (उकळून बघायच्या चाचणीला) फुटते आणि परत जाते, आणि उत्पादकाचा विश्वास त्याच्याबरोबर.

संगणकाकडे वळू. इथे चार तास उगाच कडक आहेत, निदान काही बाबतींत.

वितरणाचे सॉफ्टवेअर रात्री बंद पडले तर दुधाची गाडी अडते का? ताज्या आणि पाश्चराइज्ड दुधावर जीएसटी नाही, ई-वे बिलही लागत नाही. हाताने लिहिलेल्या चलनावर गाडी जाऊ शकते. तुपाची गाडी मात्र अडते, पण तूप सकाळी गेले तरी चालते. एजंटांचे इंडेंट (मागणीपत्रके) हातात नसतील तर गेल्या आठवड्यातल्या त्याच वाराचे इंडेंट धरून गाडी भरता येते. अट एवढीच की ते दररोज संध्याकाळी छापून डिस्पॅचच्या टेबलावर ठेवलेले असावेत. ही दहा-बारा पाने छापली तर वितरण सॉफ्टवेअरचा आरटीओ चार तासांवरून चोवीस तासांवर नेता येतो, आणि दुसऱ्या सर्व्हरचा खर्च वाचतो.

बिलिंगचे गणित तारखेवर आहे. दहा दिवसांचे बिल असेल तर पाच तारखेला यंत्रणा बंद पडली तरी आठवडाभर कोणाला कळणार नाही. बारा तारखेला बंद पडली तर दोन दिवसांत संस्थांचे फोन सुरू. दिवाळीआधी दरफरक (उत्पादकांना द्यायची जादा रक्कम) वाटायच्या आठवड्यात बंद पडली तर एक दिवसही जड जाईल. म्हणून इथे एकच आकडा न लिहिता दोन लिहा: एरवी ७२ तास, बिलाच्या आणि दरफरकाच्या दिवसांत २४ तास. लेखापरीक्षक याला हरकत घेत नाही. उलट विचार केलेला दिसतो म्हणून खूश होतो.

आरपीओ आणि आरटीओ वेगवेगळ्या रकान्यांत असले तरी एकमेकांना खातात, हे बिलिंगमध्ये स्वच्छ दिसते. धरा, बॅकअप दोन दिवसांपूर्वीचा निघाला. सहाशे संस्था, दोन वेळा, गाय-म्हैस वेगळी, दोन दिवस: ४ हजार ८०० नोंदी. एक ऑपरेटर तासाला एकशेवीस नोंदी भरतो म्हटले तर चाळीस तास. चार ऑपरेटर बसवले तर दहा तास, तेही पावत्यांच्या प्रती जागेवर असतील तर. सर्व्हर सहा तासांत उभा केला तरी बिल निघायला सोळा तास लागले. म्हणून आरटीओमध्ये नोंदी पुन्हा भरण्याचा वेळ धरलाच पाहिजे. दर शिफ्टनंतर बॅकअप घेतला तर हे दहा तास अडीच तासांवर येतात. इथे पैसे सर्व्हरवर घालण्याऐवजी बॅकअपवर घाला.

बॅकअप परत आणायला किती वेळ लागतो हेही क्वचितच कोणी मोजते. दोन टेराबाइटची माहिती आतल्या एक गिगाबिटच्या जाळ्यावरून आणायला व्यवहारात सात तास लागतात. तीच क्लाउडवरून १०० मेगाबिटच्या जोडणीने आणायची तर पूर्ण वेग मिळाला तरी ४४ तास. 'क्लाउडवर बॅकअप आहे, आरटीओ ४ तास' असे लिहिणाऱ्याने हा भागाकार केलेला नसतो. मोठी माहिती क्लाउडवर ठेवाच, पण बिलिंगची छोटी डेटाबेस वेगळी काढून तिची प्रत आवारातच, जाळ्यापासून तोडलेल्या डिस्कवर ठेवा.

जाळ्यापासून तोडलेली हे महत्त्वाचे. रॅन्समवेअर (माहिती अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) आला तर जोडलेला बॅकअपही जातो. शिवाय हल्ल्यानंतर त्याच सर्व्हरवर लगेच रीस्टोअर करता येत नाही. आधी शिरकाव कुठून झाला ते शोधावे लागते, पुरावे जपावे लागतात, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सहा तासांत कळवावेही लागते. म्हणून सर्व्हर जळाला आणि सर्व्हरवर हल्ला झाला, या दोन प्रसंगांत पुनर्स्थापनेचा वेळ वेगळा असतो. आरटीओ मात्र एकच राहतो, कारण बिल कोणत्या कारणाने अडले याच्याशी उत्पादकाला देणेघेणे नाही. जिथे हल्ल्यानंतरचा वेळ आरटीओत बसत नाही, तिथे हाताने करायचा पर्याय लागतो: मागच्या दशवाराच्या (दहा दिवसांच्या बिलाच्या) रकमेचा ठराविक हिस्सा उचल म्हणून देण्याचा ठराव आधीच करून ठेवणे, वगैरे.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले, ते आठवा. दुरुस्ती सोपी होती, एक फाइल पुसायची. पण बऱ्याच ठिकाणी प्रत्येक यंत्रापाशी माणूस जाऊन. तुमच्याकडे शीतकेंद्रांसह साठ संगणक असतील आणि एकाला वीस मिनिटे लागत असतील तर वीस तासांचे काम, प्रवास वेगळा. एक माणूस गुणिले किती यंत्रे, हा गुणाकार आराखड्यात कुठे तरी केलेला असावा.

आता पूर. तुमचा प्रकल्प कोल्हापूर-सांगलीकडे असेल तर हा विषय टाळता येणार नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता. जुलै २०२१ मध्ये पुन्हा बंद झाला. रस्ता उघडण्याचा आरटीओ कोणी लिहू शकत नाही. पण पूर हा असा प्रसंग आहे की ज्यात घड्याळ आधी लावता येते. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. आराखड्यात लिहा: ३९ फुटांना काय हलवायचे (डिझेल, पॅकिंग फिल्म, सीआयपीची रसायने, रात्रपाळीची माणसे नदीच्या योग्य बाजूला), ४१ ला काय, ४३ ला कोणत्या मार्गांचे दूध कोणत्या प्रकल्पाकडे. फिल्मचे रोल संपले म्हणून दूध असून पाउच बंद, असे होऊ देऊ नका. यंत्रे कोरडी असली तरी कामगार पलीकडच्या गावात अडकले तर आरटीओ हुकतो, तेव्हा किमान एक पाळी आवारात राहील अशी झोपण्या-जेवणाची सोय हा आरटीओचाच भाग आहे.

एवढे झाल्यावर प्रत्येक ओळीपुढे दोन आकडे मांडा: हवा तेवढा वेळ, आणि आज प्रत्यक्ष लागतो तेवढा. दुसरा आकडा सरावातूनच मिळतो. सराव सकाळी अकराला, सगळे वरिष्ठ हजर असताना करू नका. रात्री साडेआठला करा, नेहमीची पाळी असताना, आणि एका माणसाला वही-पेन देऊन फक्त वेळा लिहायला बसवा: कधी लक्षात आले, कधी फोन लागला, स्टोअरची किल्ली कधी सापडली. किल्लीची नोंद खरोखर ठेवा. स्टोअरकीपर घरी गेलेला असतो आणि रात्रीच्या सरावात तीस-चाळीस मिनिटे तिथेच जातात.

दोन आकड्यांत तफावत निघेल तिथे तीनच वाटा आहेत. पैसे घालून वेळ कमी करणे, किमान पातळी खाली आणून जास्त वेळ मिळवणे, किंवा जोखीम मान्य करणे. तिसरी वाट धरली तर संचालक मंडळाच्या इतिवृत्तात तसे लिहून सही घ्या. अमोनिया कॉम्प्रेसरचा मोठा सुटा भाग तीन दिवसांनी येतो, दुसरा कॉम्प्रेसर उन्हाळ्यात पुरत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये त्या तीन दिवसांत दूध वळवावे लागेल, असे स्पष्ट शब्दांत. लेखापरीक्षकाला तोच कागद दाखवायचा असतो. कोष्टकातला चार तासांचा रकाना मग खोडून टाका, आणि सल्लागाराचे शेवटचे बिल थांबवून ठेवले असेल तर ही नवी मांडणी त्याच्याकडूनच करून घ्या.